रद्दीच्या कागदाला चिंचोक्याची खळ: देवगडमधल्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

रद्दीपासून आपला गट करतो त्या हातकागदाची पिशवी एक डझन हापूस घेऊन घरापर्यंत गेली पाहिजे, एवढंच या कामाचं उद्दिष्ट. डझनाचं वजन तीन किलो धरलं आहे. आत्ताची पिशवी दोन किलो काजूगरालाच कुरकुरते. रेझिन नको, प्लास्टिकचं अस्तर नको. ताकद वाढवायची ती झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या वस्तूंनी, आणि त्याही शक्यतो देवगड तालुक्यातच मिळणाऱ्या.

लगदा सगळ्या प्रयोगांना एकच ठेवणार: शाळेच्या जुन्या वह्या सहा भाग, खोक्यांचा तपकिरी पुठ्ठा चार भाग. वर्तमानपत्रं बाजूला काढली. त्या कागदात लाकूड शिजवून, त्याला ताठ ठेवणारं लिग्निन काढलेलं नसतं, बरंचसं नुसतं दळलेलं असतं. तंतू तोकडा, ताठ आणि उन्हात ठेवला की पिवळा. अंड्यांच्या ट्रेला ठीक, पिशवीला नाही.

चाचणीचं यंत्र घेण्याची गटाची ऐपत नाही, म्हणून घरगुती सोय. १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, वर सुताराचा शिकंजा, खाली दुसरा शिकंजा, त्याला बादली. बादलीत बारीक नळीने पाणी सोडायचं. पट्टी तुटली की नळी बंद, आणि बादली पाण्यासकट, खालच्या शिकंज्यासकट काट्यावर. वजनाची मापं एकेक टाकत गेलं तर प्रत्येक मापाला हिसका बसतो, पाण्याने तो बसत नाही. जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, काढायला १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवायचा आणि आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणायचं.

साधा कागद, काहीही न घालता: १२० जीएसएम, पट्टी ३.६ किलोला तुटते. तुटण्याची लांबी काढली तर २ किलोमीटर. म्हणजे या कागदाची पट्टी उंचावरून सोडली तर २ किलोमीटर लांब झाल्यावर ती स्वतःच्याच वजनाने तुटेल. कागदाच्या गिरणीत आम्ही हाच हिशेब करत होतो. त्याचा उपयोग असा की जाड कागद आणि पातळ कागद एका मापात येतात; नाहीतर कोणीही ताव जाड काढून ‘ताकद वाढली’ म्हणू शकतो.

१३ जानेवारी

गटातल्या वहिनींनी विचारलं, वहीचा कागद मुळात चांगला असतो, मग त्याचाच लगदा केला की तो लेचापेचा का होतो? हा प्रश्न सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो.

कागदाला कागद म्हणून धरून ठेवतात ते तंतूंमधले हायड्रोजन बंध. ओला तंतू फुगलेला, मऊ असतो. तो शेजारच्या तंतूवर चपटा बसतो, पाणी उडून गेलं की दोघं एकमेकांना धरतात. पण एकदा कडक वाळलेल्या तंतूच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात आणि परत भिजवल्यावर सगळी उघडत नाहीत. शिळ्या भाकरीला पाणी लावून ती पुन्हा पिठाचा गोळा होत नाही, तसंच हे. तंतू ताठच राहतो, शेजाऱ्याला कमी जागी टेकतो, बंध कमी. शिवाय दर खेपेला तो तुटून आखूड होतो. तंतू सहसा पाच ते सात वेळा वापरता येतो असं म्हणतात. आपल्याकडे येणारा पुठ्ठा त्यातल्या कितव्या खेपेचा आहे ते सांगणारा कोणी नाही.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे बीटरमध्ये, लगदा कुटणाऱ्या यंत्रात, जास्त वेळ फिरवणे. तंतूला कोंब फुटल्यासारखी लव येते, बंध वाढतात, हे खरं. पण रद्दीच्या तंतूला फार फिरवलं की त्याचा भुगा होतो, ताव काढायच्या जाळीच्या साच्यातून पाणी निथळता निथळत नाही, आणि ताव दाबाखाली चिरडतो. बीटर आपण हलका ठेवणार. उरलेली ताकद बाहेरून आणायची.

२१ जानेवारी

पेज.

ही सूचना गटातूनच येणार हे माहीत होतं. कोकणात रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज होते, आणि कपड्याला खळ करायची सवय प्रत्येक घरात. पेज लगद्यात ओतून काही होणार नाही हे मला गिरणीतल्या अनुभवावरून ठाऊक होतं, पण करून बघितल्याशिवाय कोणाला पटणार नव्हतं. काकींनी तेवढ्यात टोला मारला, “पेज कागदाक घालतास? मगे गुरांका काय?”

हौदात घट्ट पेज घातली, ढवळली, ताव काढले. साच्याखालचं निथळ पाणी पांढरट. मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब त्या पाण्यात सोडला, आणि पाणी शाईसारखं गडद निळं झालं. स्टार्च सगळा खाली गेला. वाळलेल्या तावावर थेंब टाकला तर कुठेतरी निळा ठिपका, बाकी आयोडीनचा पिवळट डाग. पट्टी ३.७ किलोला तुटली. हा फरक आमच्या शिकंज्याच्या चुकीत बसतो.

दुसऱ्या दिवशी हौद आंबला होता. भिंतीला हात लावला तर बुळबुळीत थर.

कारण सरळ आहे. पाण्यात कागदाच्या तंतूवर ऋण विद्युतभार असतो. साध्या स्टार्चला त्याच्याकडे ओढणारं काही नसतं, तो पाण्याबरोबर साच्यातून निघून जातो. मोठ्या गिरण्या म्हणून कॅटआयनिक स्टार्च वापरतात: मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, पण त्याला धन भाराचे गट जोडलेले. सुक्या लगद्याच्या एक टक्क्याच्या आसपास घातला तरी तो तंतूला चिकटून बसतो. आम्ही तो पोत्यांनी वापरायचो. तो वनस्पतीपासूनच होतो, त्यामुळे आपल्या अटीत बसवायचा म्हटलं तर बसतो. इथे आणावा का यावर बोलणं झालं. माझं मत नको असं पडलं. तो वाईट आहे म्हणून नाही, चांगलाच आहे. पण त्याच्यासाठी बाहेरच्या पुरवठादारावर अवलंबून राहायचं असेल तर ही वही लिहायची गरजच नाही, पोतं मागवावं आणि मोकळं व्हावं.

तुरटीही बाद. तुरटीतलं अॅल्युमिनियम धन भाराचं असल्याने स्टार्चला थोडं धरून ठेवतं, राळेबरोबर तुरटी घालून कागदाला शाई न फुटू देण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून जगभर चालली. पण तिने कागद आम्लधर्मी होतो आणि वर्षागणिक ठिसूळ होत जातो. शाळेच्या कपाटातली जुनी पुस्तकं कोपऱ्याला मोडतात त्यात तिचा हात आहे.

३ फेब्रुवारी

भेंडीचा चिकट रस. जपानी हातकागदात रानभेंडीच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळांचा असाच बुळबुळीत रस हौदात घालतात, हे वाचलेल्या एका पोराने सुचवलं. बरोबर आहे, पण तिथे त्या रसाचं काम वेगळं. त्यांचा तंतू लांब, तो गाठी धरतो; रसाने पाणी दाट होतं, हळू निथळतं आणि तंतू सारखे पसरतात. आपला तंतू आखूड, पाणी आधीच हळू निथळतं. एक ताव निथळायला एवढा वेळ लागला की काकी साचा तसाच ठेवून चहा करून आल्या. बंद.

१० फेब्रुवारी

काथ्या आणि केळ.

काथ्या दोन वाक्यांत: लिग्निन भरपूर, तंतू जाड आणि ताठ, शेजाऱ्याला धरत नाही. तावात तो सोनेरी केसांसारखा दिसतो, लग्नपत्रिकेला कोणी घेईल.

केळीचं मात्र बघण्यासारखं. घड उतरवल्यावर केळ तोडून बागेतच टाकतात. त्या खोडाचे सोप, म्हणजे पदर, सोलले, बोथट सुरीने फळीवर खरवडले, गर काढला. हाताला चिकाचे काळे डाग पडतात आणि साबणाने जात नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खरवडायला बसायला कोणी पटकन तयार नव्हतं. एवढ्या मोठ्या खोडातून हाताशी येतो तो मूठभर धागा. धुण्याच्या सोड्यात शिजवून, धुऊन, बोटभर तुकडे करून बीटरला दिला आणि लगद्यात सुक्या वजनाच्या १५ टक्के मिसळला.

ओढून तोडायच्या चाचणीत फरक नाहीसारखा. मग वेगळी चाचणी केली: तुकड्याला मधोमध चीर द्यायची आणि चिरेची दोन टोकं विरुद्ध बाजूंना ओढायची. इथे केळीचा कागद साफ पुढे. साधा ताव चिरेपासून सरळ फाटत जातो. केळीच्या तावात चीर पुढे सरकते, एखाद्या लांब धाग्यापाशी अडते, वळते, आणि कडेने तो धागा ओढून निघालेला दिसतो. तो तुटलेला नसतो, उपटलेला असतो.

म्हणजे दोन ताकदी आहेत. ओढण्याची ताकद बंधांवर चालते, फाटण्याची मुख्यतः तंतूच्या लांबीवर. पिशवीला दोन्ही लागतात: तळाला पहिली, दोरीच्या भोकापाशी दुसरी. केळ सगळ्या पिशवीत घालणं परवडणार नाही, पण भोकाजवळच्या पट्टीत घालता येईल. हे लक्षात ठेवायचं.

१७ फेब्रुवारी

चिंच फोडायचे दिवस. अंगणाअंगणात बायका वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून, गोळे करून ठेवताहेत आणि चिंचोके बाजूला ढिगाने. एरवी ते पोरांच्या खेळात जातात, उरलेले उकिरड्यावर.

चिंचोक्याच्या पिठाची खळ नवी नाही. घोंगडीला तीच देतात, आणि सुताला, तागाला खळ करायला ही पूड देशभर वापरतात. मला तिच्यात रस आहे तो दुसऱ्या कारणाने. चिंचोक्यात झायलोग्लुकन नावाची शर्करा असते. कागदाचा तंतू ज्याचा असतो त्या सेल्युलोजच्याच पद्धतीने जोडलेल्या ग्लुकोजचा तिचा कणा, त्याला बाजूने झायलोज या साखरेच्या फांद्या. झाडाच्या पेशींच्या भिंतीतही अशीच शर्करा सेल्युलोजच्या धाग्यांना बिलगून असते. त्यामुळे तिला तंतूवर बसायला भाराची गरज नाही. कणा कण्याला ओळखतो आणि एकदा बसली की साध्या पाण्याने सहज सुटत नाही. पेज जिथे नापास झाली नेमका तिथेच हिचा जोर.

आज फक्त पूड करणे. तपकिरी टरफल काढलं नाही तर त्यातल्या टॅनिनने कागद लालसर होतो. कढईत वाळू तापवून चिंचोके भाजले, टरफल तडकलं की लगेच उतरवले. जास्त भाजले तर गरही तांबूस पडतो. मग पाट्यावर रगडून टरफल पाखडलं. आतला गर पांढरट-पिवळा आणि दगडासारखा. गिरणवाल्याने डबा बघूनच हात जोडले, “चिंचोके दळूक हाडू नको, दगड बाद होतत.” शेवटी खलबत्त्यात भरड कुटून, मग घरच्या जात्यावर, मग पातळ फडक्याने चाळून. वेळखाऊ आहे. पण वेळ आहे तो फेब्रुवारीतच.

२४ फेब्रुवारी

खळ शिजवण्याची रीत ठरली. एक लिटर गार पाण्यात २० ग्रॅम पूड, सतत ढवळत भुरभुरवायची. गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे कधीच फुटत नाहीत. मग उकळी आणून अर्धा तास मंद आचेवर. आधी पाणी गढूळ दिसतं, मग एकदम दाट आणि चमकदार होतं, पळीवरून तार सुटते. गाळून घ्यायचं. पुडीत थोडं तेल आणि प्रथिनंही असतात, त्यामुळे फेस येतो आणि चिंचोक्याचा भाजका वास सुटतो. वाळलेल्या कागदाला वास राहत नाही.

मात्रा: सुक्या लगद्याच्या एका किलोला १० ग्रॅम पूड, म्हणजे वरची खळ अर्धा लिटर. बीटर संपल्यावर, हौदात, आणि ताव काढण्याआधी अर्धा तास मधूनमधून ढवळत ठेवणे. तंतूला आणि खळीला एकमेकांपाशी यायला वेळ द्यावा लागतो.

निथळ पाण्यात काही जातं का, हे आयोडीनने बघू नये. चिंचोक्यातली ही शर्कराही आयोडीनने निळी पडू शकते, एके काळी तिला त्यासाठी स्टार्चच्या भाऊबंदात गणत होते. त्याऐवजी निथळ पाणी फडक्यातून गाळून स्टीलच्या ताटलीत आटवलं. पेजेच्या वेळी पाण्याने ताटलीला पापडासारखा थर धरला होता. या वेळी जेमतेम डाग.

पट्टी ४.४ किलोला तुटली. तोच लगदा, तेच १२० जीएसएम. तुटण्याची लांबी अडीच किलोमीटरच्या जरा आत. दुप्पट मात्रा घालून पाहिली तर वाढ किरकोळ आणि निथळणं मंद. एक टक्क्यावर थांबायचं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, कुणकेश्वरची यात्रा. शेड बंद. खाजं विकणाऱ्या एकाने नमुन्याच्या पिशव्या ठेवून घेतल्या आणि संध्याकाळी आणखी मागितल्या. खाजं हलकं, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

१२ मार्च

पेजेला परत बोलावलं, पण आता हौदात नाही, वाळलेल्या तावावर. आत टिकत नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, तिची जागा चुकली होती इतकंच. गिरणीतही साध्या स्टार्चचं मोठं काम पृष्ठभागावरच चालतं.

पेज गाळून, आटवून पाच टक्क्यांवर आणली. शंभर ग्रॅम पेज ताटलीत वाळवली की पाच ग्रॅम उरले पाहिजेत, हे माप. कोमट असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावली तर ताव वाळताना नळीसारखा वळतो.

वाळल्यावर ताव फाडला आणि फाटलेल्या कडेवर आयोडीनचा थेंब लावला. भिंगातून बघितलं: वर निळी रेघ, खाली निळी रेघ, मधे चिंचोक्याची फिकट छटा. गटातल्या प्रत्येकीने आळीपाळीने भिंग लावून बघितलं, आणि त्यानंतर ‘दोन्ही बाजू’ हे मला कोणाला सांगावं लागलं नाही.

चिंचोका आत आणि पेज वर: पट्टी ५.३ किलो. सुरुवातीच्या कागदाच्या जवळजवळ दीडपट. शाईही फुटत नाही, बागायतदाराचा शिक्का स्पष्ट उठतो. तोटा हा की ताव दोनदा वाळवावा लागतो. मार्चच्या उन्हात त्याचं काही वाटत नाही.

झुरळं आणि कसर पेजेच्या कागदावर तुटून पडतात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. आपण घालायचं नाही, पिशवीत खायची वस्तू जाणार आहे.

९ एप्रिल

पिशव्यांची खरी परीक्षा. पट्टी पाच किलो घेते म्हणजे पिशवी पाच किलो घेईल असं नाही, आणि मिनिटभर घेतलेलं वजन रात्रभर घेईल असंही नाही. कागद ओझ्याखाली हळूहळू ताणत जातो, दमट हवेत जास्तच. एका बागायतदार तात्यांनी बरोबर तेच विचारलं, “पिशवी बरी असा, पण रातभर टांगून रवली तर तळ धरतलो काय?”

डझन आंबे भरून पिशव्या पडवीत वाशाला टांगल्या. सकाळी तळ सगळ्यांचे शाबूत. दोन-तीन पिशव्यांची दोरी मात्र भोकातून फाटून आली होती. त्यानंतर भोकाच्या पट्टीला केळीच्या तावाचा दुहेरी तुकडा, चिंचोक्याच्याच दाट खळीने चिकटवलेला. पुन्हा टांगल्या, धरल्या. तात्यांनी रस्त्यावरच्या स्टॉलसाठी पहिली मागणी नोंदवली.

पुठ्ठ्याच्या पेटीशी आपली स्पर्धा नाही हे त्यांनाही सांगितलं. वाशीला जाणारा माल पेटीतूनच जाणार. ही पिशवी गाडी थांबवून डझन-दोन डझन घेणाऱ्या पर्यटकासाठी.

२ मे

हंगाम जोरात, लिहायला वेळ नाही. चिंचोक्याची शिजवलेली खळ या उकाड्यात दुसऱ्या दिवशी पातळ होते आणि वास मारते. रोजची रोज शिजवणे. उरलेली फेकायची, हौदात ‘जाऊ दे’ म्हणून ओतायची नाही.

२६ मे

काल मान्सून देवगडला पोचला. मे महिन्यातच. दोरीवरचे ताव ओढून पडवीत घ्यावे लागले, खालच्या रांगेतले भिजले. भिजलेल्या तावांचा लगदा परत बीटरला. यातलं एक चांगलं कळलं: चिंचोक्याचा कागद पाण्यात साध्या कागदाइतकाच सहज सुटतो. ओल्यातही न सुटणारं रेझिन घातलेला कागद लगदा व्हायला फार त्रास देतो. आपली कातरणं आणि फसलेले ताव पुन्हा वापरात येतात.

९ जून

आज तेच ताव, तीच बादली, आणि सगळ्या पट्ट्या एप्रिलपेक्षा कमी वजनाला तुटताहेत. साध्याही, चिंचोक्याच्याही. कागद बिघडलेला नाही, हवा बदलली आहे. कागद हवेतलं पाणी घेतो आणि ते पाणी तंतूंमधल्या बंधांत शिरतं. म्हणून भारतीय मानकात कागद तपासायची हवा ठरवून दिली आहे: २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता. आमच्या शेडमध्ये जूनच्या दुपारी ती कुठून आणणार?

उपाय मिठाचा. झाकणाच्या डब्यात तळाला मीठ आणि ते जेमतेम भिजेल एवढं पाणी. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. बंद डब्यात वरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, बाहेर कितीही पाऊस असो. पट्ट्या जाळीवर मिठाच्या वर दोन दिवस ठेवायच्या आणि बाहेर काढताच तोडायच्या. ६५ टक्के नाही, पण रोज तेच ७५ टक्के, आणि तुलनेला तेवढं पुरतं. शिरोड्याचं जाडं मीठ वापरलं. जिथे १९३० मध्ये सत्याग्रह झाला ते शिरोडं.

डब्यातल्या पट्ट्यांनी क्रम बदलला नाही. साधा सर्वांत खाली, मधे चिंचोका, वर चिंचोका-पेज. आकडे सगळ्यांचेच उतरले, अंतरं राहिली.

२३ जून

पेज लावलेल्या गठ्ठ्यावर बुरशी. आधी कडेला करडे ठिपके, आठवड्यात पूर्ण ताव. शेजारच्याच फळीवरचे फक्त चिंचोक्याचे ताव स्वच्छ. चिंचोकाही बुरशीला गोडच, पण तो एक टक्का आणि तंतूंच्या आत पसरलेला. पेज वर मांडून ठेवलेली.

तेव्हा ठरलं: मृग ते दसरा पेज बंद. पावसाळ्यात फक्त चिंचोका, आणि जीएसएम १२० वरून १४० वर न्यायचं. ताकद जाडीने थोडी भरून काढायची. पेजेचे उरलेले ताव चुलीजवळच्या माळ्यावर.

१ जुलै

मासळी विकणारी एक बाई शेडमध्ये आली. पिशवी उलटीपालटी करून बघितली. “माका चार बांगड्यांसाठी होयी. ही चलात काय?”

चालणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. स्टार्च काय, चिंचोका काय, दोन्ही सुक्या कागदाची ताकद वाढवतात. पाणी पोचलं की हायड्रोजन बंध सुटतात, मग मधे कोणतीही खळ असो. ओल्यात टिकायला तंतूंना पाण्याने न सुटणाऱ्या जोडण्या लागतात, आणि गिरण्यांत ते काम रेझिन करतं. कोळंबीच्या सालीपासून निघणारं कायटोसान धन भाराचं असतं, तंतूवर बसतं आणि ओल्या कागदालाही थोडा आधार देतं. देवगड बंदराशेजारी बसून त्याचा मोह होतो. पण ते वनस्पतीचं नाही, आणि साली धुऊन, आम्ल आणि कॉस्टिक वापरून ते काढणं पडवीत करायचं काम नव्हे. तिला म्हटलं, तुमची पाटी आणि चांद्याची पानंच बरी. ती हसली आणि सुक्या जवळ्यासाठी लहान पिशव्या घेऊन गेली. सुक्या मासळीला ही पिशवी अगदी बरोबर आहे, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

१४ जुलै

कुडाळ एमआयडीसीत खोकी करणाऱ्या एका कारखान्याने त्यांच्या बर्स्ट टेस्टरवर, म्हणजे ताव फुटेपर्यंत दाब देणाऱ्या यंत्रावर, आपले ताव तपासू दिले. फक्त चिंचोक्याचा १२० जीएसएमचा ताव १.६ किलो प्रति चौरस सेंटीमीटरला फुटला, म्हणजे बर्स्ट फॅक्टर (बीएफ, जीएसएमच्या मानाने फुटण्याची ताकद) १३ च्या आसपास. खोक्यांसाठी ते स्वतः १६-१८ बीएफचा किंवा त्याहून वरचा तपकिरी क्राफ्ट कागद घेतात. तिथल्या सुपरवायझरने ताव उजेडात धरला आणि जाडीतला असमानपणा दाखवला: मधे ढग, कडेला विरळ. फुटला तोही विरळ जागीच. यावर कोणतीही पूड उपयोगाची नाही, साचा हलवण्याची पद्धत सारखी व्हायला हवी. डावी-उजवी झाली की पुढे-मागे, आणि पाणी निथळायच्या आत थांबायचं. पावसात मागणी कमी आहे, तेवढ्यात हा सराव.

२१ जुलै

पुढच्या हंगामाची तजवीज. फेब्रुवारीत चिंचोके किलोने विकत घ्यायचे असं गावात आत्ताच सांगून ठेवलं; फुकट म्हटलं की ओले, किडके येतात. पूड हवाबंद डब्यांत भरली. केळीच्या धाग्यासाठी खरवडायचं साधं यंत्र करून देईल असा लोहार नांदगावला आहे, त्याच्याशी बोलणं व्हायचंय. दर खेपेच्या लगद्यात थोडा न वापरलेला तंतू हवाच, कारण कातरणं फिरत राहिली तर चिंचोकाही किती ओढणार. शिंप्याकडच्या सुती चिंध्या त्याला सर्वांत सोप्या.

२७ ऑगस्टला गणपती. मखरासाठी रंगीत तावांची मागणी आली आहे, थर्मोकोल बंद झाल्यापासून दर वर्षी येते. या तावांत चिंचोका घालणार नाही. सजावटीला ताकद लागत नाही, आणि डब्यातली पूड पुढच्या चिंचेपर्यंत पुरवायची आहे.